"मार खाऊन घडलो" म्हणणाऱ्यांना एक प्रश्न: घरात पोरं किती होती?

बालाघाटची
परवा इथंच 'मांजराकाठ' यांनी लिहिलं, "बापानं चिंचेच्या फोकानं सोलून काढलं, बळदात (धान्य साठवायच्या अंधाऱ्या खोलीत) कोंडलं, म्हणून आज चार माणसांत उभे आहोत. आताच्या पोरांना एक चापट बसली की लगेच डिप्रेशन." खाली अंगठ्यांची रांग. "खरंय दादा", "ते संस्कारच वेगळे". दोन दिवस गप्प बसले. नाईट ड्युटीला फोन उघडला की तेच वर यायचं. आता लिहिते. लांबेल. कंटाळा आला तर खाली उतरा.

मी केज तालुक्यातली. आई-बाप कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची, ते परतायचे पाडव्याच्या आगंमागं. चौथीपासून मला चुलत्याकडं ठेवलं. चुलता मारायचा. कारण लागायचं नाही. घागर हिंदकळली, मार. भाकर करपली, मार. पण मार ही चारचौघांत सांगता येण्यासारखी गोष्ट झाली. दुसरी गोष्ट सांगता येत नाही आणि इथंही सांगणार नाही. एवढंच सांगते, मी निजायचे त्या खोलीच्या दाराला साखळीची कडी होती. आधी किर्र, मग खट्. आज चाळिशीला टेकलेय, स्वतःच्या पगारावर घर घेतलं, तर सुतार लावून पहिल्यांदा दारांच्या कड्याच काढून टाकल्या. नवऱ्याला वाटलं, बायकोला फॅशन सुचली.

शेजारी एक म्हातारी होती. नात्याची नाही, जातीची नाही. दिवे लागले की भिंतीवरून हाक द्यायची, "ए पोरी, मला दिसंना झालंय, एवढी तूर निवडून दे." मी जायचे. निवडता निवडता रात व्हायची, मग म्हणायची, "आता कुठं अंधारात जातीस, पड हितंच." आठवड्यातून चार-पाच दिवस हेच. म्हातारी एकटीच, तिला रोज पायलीभर तूर कशाला लागायची हे मला कधी सुचलं नाही. एकदा शाळा लवकर सुटली, तिच्याकडं गेले, तर ती अंगणातले बारीक खडे वेचून कालच्या निवडलेल्या तुरीत मिसळत बसलेली.

तिला काय कळलं होतं, कसं कळलं होतं, मी कधी विचारलं नाही. ती कधी बोलली नाही.

मी नर्स झाले, दोन लेकरं वाढवली. गावाकडं लोक म्हणतात, "चुलत्यानं धाकात ठेवलं म्हणून पोरगी शिकली." मांजराकाठ, तुमची पोस्ट वाचून मला तेच वाक्य परत ऐकू आलं. सोसलं आम्ही, खडे मिसळले म्हातारीनं, आणि श्रेय फोकाला?

मांजराकाठ
ताई, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच. तो गुन्हा आहे, त्या माणसाला उभा चिरला पाहिजे होता. पण तुम्ही दोन गोष्टींची एकच मोळी बांधायलाव. मी बापाच्या धाकाबद्दल लिहिलं. माझा बाप 72 च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेला माणूस. तीन एकर कोरडवाहू. त्याला जवळ घेऊन समजावणं जमत नव्हतं, त्याला हातच चालवता यायचा. त्या बापाला तुम्ही तुमच्या चुलत्याच्या ओळीत बसवलं, हे मला पटलेलं नाही.

पाटोद्याचा पाव्हणा
खडी फोडली म्हणून पोराचं डोकं फोडायचं व्हय?

मांजराकाठ
डोकं कुणी फोडलं? नीट वाचा की.

वकीलीण लातूरची
मोळी ताईंनी बांधलेली नाही, ती घरातच बांधलेली असते. माझ्याकडं आलेल्या प्रकरणांत आधी "धाक" असतो. पोराला एकदा कळलं की या घरात मार बसला तर कुणी मध्ये पडत नाही, की पुढच्या माणसाला मोकळं रान.

कायद्याचं सांगते. शाळेत मास्तरानं मारलं तर शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, सरळ बंदी. घरात बापानं मारलं तर तशी सरळ बंदी आपल्याकडं नाही. स्वीडननं ती 1979 ला घातली. आपल्याकडं बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 आहे, ताबा असणाऱ्यानंच क्रूरपणा केला तर तीन वर्षांपर्यंत. पण तक्रार द्यायची कुणी? पाचवीतल्या पोरानं? पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या 2012 च्या कायद्यात, नातेवाईकानं केलं तर गुन्हा जास्त गंभीर धरतात, आणि माहीत असून कळवलं नाही तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. "घरातली गोष्ट घरात" म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांनी हे वाचावं. ताईंच्या काळाला मात्र पॉक्सो मागं जाऊन लागत नाही, तेव्हाचं भादंविच.

जुना मास्तर
कलम 17 निघालंच आहे तर बोलतो. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली. मास्तराच्या हातातली छडी काढली, बरं झालं म्हणू. पण मास्तराचा डोळाही काढला. आज पोरगी वर्गात झोपली, पाठीवर वळ दिसला, विचारायला जावं तर बाप म्हणतो, "तुम्ही शिकवायचं बघा." ऑनलाइन माहिती भरण्यातून मान वर होईल तेव्हा वळ दिसंल ना.

आणि ऊसतोडीच्या लेकरांसाठी आम्ही हंगामी वसतिगृह चालवलं. सहा महिने. माय-बाप बिनघोर जायचे. ती नीट चालली असती तर या ताईला चुलत्याकडं राहायची पाळी आली नसती.

कोयत्याचं पोरगं
मास्तर, माफ करा, पण वसतिगृह म्हणू नका. आमच्या गावात मुक्काम कधी नव्हताच. शाळेत दोन वेळचं जेवण, आणि झोपायला पुन्हा तेच नातेवाईक. कागदावर ऐंशी पोरं, ताटं पस्तीस. मी जेवलोय तिथं, मोजलीत.

जुना मास्तर
तुमच्या गावाचं मला सांगू नका. माझ्याकडं साठ होती, साठच जेवायची. बिल सहा महिने थकायचं, वाण्याची उधारी माझ्या नावावर. सगळ्यांना एकाच काठीनं हाणू नका.

पाटोद्याचा पाव्हणा
सगळ्यांना एकाच काठीनं हाणू नका, हे मास्तर म्हणायलेत. वा.

कोयत्याचं पोरगं
बरं, तुमची साठ खरी धरतो. झोपायची कुठं?

जुना मास्तर
पोरं शाळेत. पोरींना मुक्कामी ठेवायची आमची हिंमत नव्हती. बाई कर्मचारी नाही, संडासाला दार नाही. पोरी नातेवाइकांकडं जायच्या.

कोयत्याचं पोरगं
हेच. पोरीच जायच्या. आणि माय-बापाला हे कळत नसतं असं समजू नका, कळतं. म्हणून तर बारा-तेराची झाली की उजवून टाकतात. सरकारी भाषणात बालविवाहाचं कारण अज्ञान. आमच्या तांड्यावर कारण सांगतात, "कुणाच्या जिवावर ठेवू?" सोबत नेली तर फडात पाचटाच्या कोपीला दार नाही. मागं ठेवली तर ताईंनी लिहिलं तसं. लग्न लावलं तर निदान नवऱ्यासोबत कोयता, म्हणजे तोडणीची जोडी होते, मुकादम जोडीवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. माझी बहीण चौदाव्या वर्षी अशीच गेली. 2006 चा कायदा होता तेव्हा. मांडवात सरपंच होता.

नांदेडकर
पण आता संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं आहेत ना? 2021 ला घोषणा झाली, 41 तालुके, 82 वसतिगृहं, निम्मी मुलींची.

कोयत्याचं पोरगं
आहेत. काही चांगली चाललीत, हे मान्य. प्रत्येकात शंभरच धरली तरी आठ हजार दोनशे होतात. एका बीड जिल्ह्यातून किती जोड्या जातात ते मास्तरांना विचारा.

जुना मास्तर
मला विचारू नका, मी चोर आहे ना, कागदावर पोरं दाखवणारा.

कोयत्याचं पोरगं
मी तुम्हाला चोर म्हणलो नाही.

जुना मास्तर
मोजलीत म्हणलास.

एक बालरोगवाला
वसतिगृहाचा हिशोब जरा बाजूला ठेवता का? ताईंची तुरीची गोष्ट वाचून मला मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांचं काम आठवलं. हवाईतलं कौआई बेट, 1955 ला जन्मलेली 698 मुलं, पुढं कित्येक दशकं मागोवा. गरिबी, भांडणं, दारू, अशी चहूबाजूंनी अडचणीत असलेली जी होती, त्यातली साधारण तिसरा हिस्सा मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्यात जे समान सापडलं त्यात एक गोष्ट ठळक होती: घरात किंवा घराबाहेर एक तरी भरवशाचं मोठं माणूस. आजी, शेजारीण, मास्तर, कुणीही.

दुसरी बाजू पण ऐका. आपल्याच केंद्र सरकारचा मुलांवरच्या अत्याचारांचा 2007 चा अहवाल आहे, 13 राज्यं, त्यात महाराष्ट्रही. मुलांच्या गटात 12,447 जणांशी बोलले. तिनातल्या दोघांनी मार खाल्लेला. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्क्यांना मारणारे आई-वडीलच.

मांजराकाठ
म्हणजे 13 राज्यांतले आई-बाप सगळेच राक्षस. लावा सगळ्यांना कलम 75. कौआईत चिंचेची झाडं होती का, तेवढं सांगा डॉक्टर.

वकीलीण लातूरची
राक्षस कुणी म्हणलं? तुमच्या पोस्टमध्ये "म्हणून" हा शब्द आहे, भांडण त्याच्याशी आहे. बापानं मारलं आणि तुम्ही घडलात. मध्ये "म्हणून" कुणी घातलं?

शांतीपाठ
मला वाटतं ताईंनी आता मोकळं व्हावं. राग धरल्यानं आपलंच रक्त आटतं. गेलेल्या माणसाला माफ करावं, मग बघा कसं हलकं वाटतं.

बालाघाटची
शांतीपाठ, तुमच्यासारखं बोलणारे मला प्रत्यक्ष भेटलेत. चुलता गेला तेव्हा मी दहाव्याला गेले होते, आईनं शपथ घातली म्हणून. नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवंना. अकरा वाजले, बारा वाजले. ऊन डोक्यावर. एकेक जण पुढं होऊन हात जोडायला लागला, "तुमच्या लेकरांचं बघतो", "विहिरीचं काम करतो". कावळे लिंबावर बसलेले, खाली एक उतरंना. मग कुणीतरी माझ्याकडं बघितलं, आणि एकाचं बघून सगळ्यांनी. आत्या जवळ येऊन कानात म्हणाली, "काय असंल ते सोडून दे बाई, त्याचा जीव अडकलाय."

म्हणजे आत्याला माहीत होतं. इतकी वर्षं. त्या एका वाक्यात मला कळलं.

मी पुढं झाले नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि लोक जेवायला गेले. मी बसस्टँडवर आले, उसाचा रस प्याले, ड्युटीला गेले. हलकंच वाटत होतं.

पाटोद्याचा पाव्हणा
🙏

शांतीपाठ
माझा उद्देश तसा नव्हता. शब्द मागे घेते.

वकीलीण लातूरची
मांजराकाठ, ताईंनी मथळ्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. घरात पोरं किती होती?

मांजराकाठ
तिघं. पुढं?

वकीलीण लातूरची
तिघंही चार माणसांत उभी आहेत का?

जुना मास्तर
मी आताच घरात जुनी वही काढून बघितली. साठ नव्हती, चोपन्न होती. पण चोपन्नच्या चोपन्न जेवायची.

कोयत्याचं पोरगं
मास्तर, तुम्ही वही काढलीत, एवढ्यात मिटलं. मी आमच्या गावचं बोललो, तुमच्यावर नव्हतं.

मांजराकाठ
रात्री उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून सकाळी देतो.

मी थोरला. बहीण मधली, तिला सहसा मार नव्हता, ती मध्ये पडायची म्हणून एखादा बसायचा. धाकटा जास्त खायचा, कारण तो रडायचा नाही, आणि त्यामुळं बापाला जास्त चेव यायचा. दहावी नापास झाला त्या रात्री बळदात होता. तिसऱ्या दिवशी पुण्याला जातो म्हणून गेला. 2004. सुरुवातीला बहिणीला फोन यायचा, मग तोही बंद झाला. बाप गेला तेव्हा कळवायला नंबर नव्हता. पोस्ट लिहिताना "आम्ही" लिहिलं, त्यात त्याला धरला की नाही, हे मलाच आठवंना.

"म्हणून" काढतो. बापाबद्दल मात्र कुणी वाकडं लिहायचं नाही, सांगून ठेवतो.

बालाघाटची
नाही लिहिणार.

तुमच्या बहिणीला कधी विचारलंत का, तो फोनवर काय बोलायचा?

मांजराकाठ
नाही.
रविवारी जातो तिच्याकडं.