बंड्या दोन दिवस जेवत नाहीये, गोचिडीचा ताप असेल का?

घोडबंदरवाला:
आमचा बंड्या, लॅब्रॅडॉर कुत्रा, ३ वर्षांचा. एरवी कुकरची शिट्टी झाली की किचनच्या दारात ठाण मांडून बसतो, आणि परवापासून दहीभाताला पण तोंड लावत नाहीये, नुसता बाल्कनीत फरशीला पोट टेकून पडलाय. अंग गरम लागतंय. गेल्या आठवड्यात कानामागे दोन गोचिडी सापडल्या होत्या, काढल्या, विषय संपला असं वाटलं. आई म्हणते अर्धी क्रोसिन दे. आज रविवार, आमचे डॉक्टर बंद. उद्यापर्यंत थांबू का?

नेरुळची ताई:
क्रोसिन अजिबात नको!! आईंना हात जोडून सांगा. त्यातल्या पॅरासिटामॉलने कुत्र्याचं लिव्हर जाऊ शकतं, ब्रुफेन तर त्याहून वाईट. आणि हात लावून ताप कळत नाही हो, त्यांचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ असतं, थर्मामीटर मागून लावावा लागतो. आधी ओठ वर करून हिरड्या बघा. पांढरट असतील, लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल किंवा नाकातून रक्त असेल तर आजच न्या, कोणाची तरी गाडी मागा, कुत्रा बघून रिक्षावाले थांबत नाहीत हे आपल्याला माहितीच आहे.

खारघर_सेक्टर२०:
रक्त तपासल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका, आमची तीच चूक झाली. एका डॉक्टरकडे तीनदा इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी ताप उतरायचा, आम्ही खूश, परत चढायचा. शेवटी दुसरीकडे सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) केलं तर प्लेटलेट्स २८ हजार, पायजेत दोन लाखाच्या आसपास तरी. गोचिडीच्या तापात एर्लिकिया पण असतो आणि बबेसिया पण, दोन वेगळे आजार, दोन्हीची औषधं वेगळी. आमच्या राणीला एर्लिकिया निघाला, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक गोळी) ४ आठवडे. तिसऱ्या दिवशी पोळी खायला लागली म्हणून आम्ही आठव्या दिवशी गोळ्या बंद केल्या, शहाणपणा नडला, पुन्हा पहिल्यापासून. आणि डॉक्सी उपाशीपोटी नको, उलटी होते, दही-पनीरमधे लपवून पण नको, कॅल्शियममुळे ती नीट लागत नाही.

भटक्या_कळवा:
सगळे कुत्र्याचं बोलतायत, घराचं कोण बघणार? रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते. स्कर्टिंग, पडद्यामागे, चपलांच्या कपाटामागे टॉर्च मारून बघा. कुत्र्याच्या अंगावर सापडली तर बोटांनी चिरडू नका, रॉकेल पण नको, चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ ओढायची नि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनचा स्प्रे आणूच नका, मांजरासाठी विष आहे ते.

घोडबंदरवाला:
हिरड्या फिक्या होत्या म्हणून कालच गाडी काढली. प्लेटलेट्स ६१ हजार, एर्लिकियाच. डॉक्सी चालू झालीय. चपलांच्या कपाटामागे तीन सापडल्या, एक वाटाण्याएवढी, शी. आई आता उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात गोळी खुपसते, तो चिकन गिळतो आणि गोळी बरोब्बर बाहेर काढून ठेवतो. यावर काही आयडिया?