१४० कामगार, ३ पाळ्या: वर्षभराचं सुरक्षा प्रशिक्षण कसं बसवावं?

वेर्णेकर: गोव्यात वेर्ण्याला पॅकेजिंगचा कारखाना आहे. निम्मे कामगार कंत्राटी. आजवर ४ मार्चला, सुरक्षा दिनी, सगळ्यांना दोन तास स्लाइड दाखवायच्या आणि सह्या घ्यायच्या, एवढंच. यंदा नीट आराखडा करायचाय. सुरुवात कुठून करू?

कुंडई_सेफ्टी: आधी ३ वर्षांचं अपघात रजिस्टर काढा, आणि प्रथमोपचार पेटीची वहीसुद्धा. बारीकसारीक कापणं-भाजणं त्या वहीतच सापडतं. कुठलं यंत्र, कुठली पाळी, हे मांडलं की विषय आपोआप ठरतात.

मग १२-१५ जणांची तुकडी, पाळी सुरू होताना ४० मिनिटं, यंत्रापाशीच. रात्रपाळी सुटल्यावर बसवू नका, पेंगणाऱ्या माणसाची फक्त सही मिळते. कंत्राटी कामगाराचं पहिल्याच दिवशी, यंत्राला हात लावण्याआधी. ओडिया, कन्नड बोलणारे असतील तर त्यांच्यातलाच जाणता माणूस सोबत घ्या. ‘समजलं का?’ म्हटलं की माना सगळेच डोलावतात. करून दाखवायला लावा, आणि महिन्याभराने कामावर असताना पुन्हा बघा.

पाना_पक्कड: देखभालवाल्यांचं वेगळं घ्या. मेन स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. न्यूमॅटिक म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरमधली हवा सोडली नाही तर वीज नसतानाही यंत्राचा जबडा मिटतो. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीच्या) कपॅसिटरमध्येही विजेचा भार उरतो. त्यावर लिहिलेली मिनिटं थांबा, मग मीटर लावून खात्री करा. शेवटी स्टार्टचं बटण दाबून पाहायचं, यंत्र हललं नाही तरच हात आत.

वेर्णेकर: आभार. प्रथमोपचाराला किती जण तयार करू?

कुंडई_सेफ्टी: २०२५ पर्यंतच्या जुन्या कारखाना कायद्यात १५० कामगारांमागे एक पेटी होती, पण कामाच्या सगळ्या वेळात तिच्यापाशी प्रशिक्षित माणूस हवा. म्हणजे पाळीला २, शिवाय बदलीचे २, असे ८. आठही जण गावचेच निवडू नका, गणेश चवथीला सगळे एकदम रजेवर जातील!

टाकीवाला: सांडपाण्याची टाकी असेल तर तो विषय पहिला. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो, म्हणून ‘वास नाही, उतर’ हे घातक. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही. वायू मोजायचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये, तळाशी मोजायला शिकवा. एक पडला की दुसरा वाचवायला उडी घेतो आणि तोही जातो. सरावाला ६०-७० किलोचं पोतं हार्नेसला (अंगावर घालायच्या पट्ट्यांना) बांधून तिपाईने, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या चरखीच्या तीन पायांच्या घोडीने, बाहेर काढायला लावा. दोर कमी पडतो की चरखी अडते, ते तेव्हाच कळतं.