कर वाढवणारं विधेयक विधानपरिषदेत अडवता येतं का?

देवगडवाला: समजा, या अधिवेशनात मोटार वाहन कर वाढवणारं विधेयक आलं, तर ऐन आंब्याच्या हंगामात टेम्पोवाल्यांना फटका. कोकण पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांनी परिषदेत ते रोखावं, असं निवेदन द्यायचं म्हणतोय. उपयोग होईल?

खंड_उपखंड: रोखणं जमणार नाही. निव्वळ कराचं विधेयक म्हणजे धन विधेयक. ते विधानसभेतच मांडतात, तेही राज्यपालांच्या शिफारशीनं. मंजुरीनंतर ‘हे धन विधेयक आहे’ अशा विधानसभा अध्यक्षांच्या प्रमाणपत्रासह परिषदेकडे जातं. मिळाल्यापासून १४ दिवसांत परिषदेनं ते परत करायचं, हवं तर शिफारशी जोडून. त्या मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. १४ दिवस नुसतं ठेवून घेतलं, तरी दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याचं धरलं जातं. संयुक्त बैठक राज्यात नसतेच.

निवेदन विधानसभेच्या आमदाराला द्या, आणि विधेयकाची प्रत हातात येताच. खंडवार विचार (विधेयकाच्या एकेका कलमावरची चर्चा) सुरू झाला की वेळ गेली. कर कमी करणाऱ्या दुरुस्तीला राज्यपालांची शिफारस लागत नाही (राज्यघटनेचा अनुच्छेद २०७), वाढवणारीला लागते. मात्र ‘दर कमी करावा’ असलं मोघम काही नको. कोणता खंड, कोणती ओळ, कुठल्या आकड्याऐवजी कुठला, हे मसुद्यातच लिहून द्या.

वेंगुर्ले४१६: एक पुस्ती. त्याच विधेयकात कराशी संबंध नसलेल्या तरतुदी घुसवल्या असतील तर ते धन विधेयक राहत नाही. मांडायचं विधानसभेतच, पण परिषद ते ३ महिने ठेवू शकते. विधानसभेनं पुन्हा मंजूर केलं तर आणखी १ महिना. म्हणजे तेव्हाही उशीरच होतो, नकाराधिकार नाही. प्रमाणपत्र आहे का, ते आधी बघा.

देवगडवाला: आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी? तिच्या कायद्यातली दुरुस्तीही धन विधेयकच ना?

खंड_उपखंड: नाही. स्थानिक संस्थेनं स्थानिक कामासाठी लावायचा कर, दंड, परवाना शुल्क, एवढ्यावरून विधेयक धन विधेयक होत नाही. अनुच्छेद १९९(२) वाचा.

शिवाय प्रत्येक सवलतीला विधेयक लागत नाही. सप्टेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत मुद्रांक शुल्क कमी केलं होतं, ते अधिसूचनेनं. मूळ कायद्यात सूट देण्याचा अधिकार असेल, तर निवेदन सरळ मंत्रालयात त्या विभागाकडे द्या. मोटार वाहन कराचा कायदा १९५८ चा आहे, त्यातलं सूट देण्याचं कलम आधी वाचून घ्या.