बायपासनंतर छातीत दुखलं, डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'चेस्ट पेन' लिहिलं, क्लेम नाकारला. पुढे काय करू? (नाशिक)

सिडकोची_लेक
नमस्कार मंडळी. आप्पा ६८ वर्षांचे. २०१६ मध्ये बायपास झाली, तीन ग्राफ्ट (अडलेल्या धमनीला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या). गेल्या महिन्यात आमच्या तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना छातीवर दडपण आलं, घाम फुटला आणि मधल्याच पायरीवर बसले. हातातली भाजीची पिशवी मात्र सोडेनात. नंतर विचारल्यावर कळलं की पंधरा-वीस दिवसांपासून चालताना होत होतं, पण "जुन्या टाक्यांचं असेल" म्हणून गप्प राहिले.

दवाखान्यात नेलं. ईसीजी जुन्यासारखाच, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) दोनदा नॉर्मल. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, मग औषधं वाढवून चौथ्या दिवशी घरी. आता विमा कंपनीचं पत्र आलंय: केवळ तपासणीसाठी दाखल झाले होते, सबब क्लेम देय नाही, एक्सक्लूजन कोड ०४. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात लिहिलंय 'चेस्ट पेन अंडर इव्हॅल्युएशन, पोस्ट सीएबीजी' (म्हणजे बायपासनंतर), आणि क्लेम फॉर्मवर आर ०७.४ व झेड ९५.१. हे कोड चुकलेत का? कोणाला भेटू? आणि दुसरं मत नाशकातच मिळेल का?

सातपूरकर
ताई, सरळ ग्राहक आयोगात जा. गोड बोलून कोणी पैसे देत नाही.

कोडिंग_करते
दादा, त्याआधी एक पायरी आहे, ती चुकवू नका.

ताई, मी दहा वर्षं मेडिकल कोडिंग करतेय, इंदिरानगरमधून, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांसाठी. इथल्या क्लेम फॉर्मचा भाग 'ब' हॉस्पिटल भरतं आणि त्यात आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीचे, रकाने असतात. आर ०७.४ म्हणजे 'छातीत दुखणं, कारण ठरलेलं नाही'. झेड ९५.१ एवढंच सांगतो की रुग्णाला बायपासचा ग्राफ्ट आहे. तो आजार नाही, पूर्वेतिहास आहे. दोन्ही जोडून वाचा: दुखलं, पूर्वी बायपास झालीय, कारण माहीत नाही. वाचणाऱ्याला 'तपासणीसाठी दाखल' असंच दिसणार.

पण कोड भरणाऱ्याची यात चूक नाही. आम्ही निदान करत नाही, डॉक्टरांनी लिहिलेलं अक्षर आकड्यात उतरवतो. अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये ग्राफ्ट बंद दिसला तरी तो आम्ही आपल्या मनाने निदानात घालू शकत नाही. डॉक्टरांना विचारावं लागतं. म्हणून सांगा, रिपोर्टमध्ये काय आहे? आणि २०१६ ची ऑपरेशन नोट घरात आहे का?

निवृत्त_सिस्टर
बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच कार्डियाकमध्ये. दुखण्याबद्दल मी सांगते.

बायपासनंतरचं प्रत्येक दुखणं हृदयाचं नसतं. छातीचं हाड चिरून तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने जातात. ते दुखणं बोट ठेवून दाखवता येतं, दाबलं, खोकललं, कूस बदलली की वाढतं. छातीतली धमनी काढलेली असेल तर डावीकडे बधिरपणा, आग, मुंग्या राहतात, कधी वर्षानुवर्षं. ऑपरेशननंतर थोड्या आठवड्यांत ताप येऊन आडवं पडलं की जास्त दुखतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, तर हृदयाच्या आवरणाची सूज असू शकते. त्याला वेगळं औषध लागतं.

आप्पांचं यातलं एकही नाही. चढताना दडपण, घाम, बसल्यावर उतार, हे हृदयाचंच बोलणं आहे. ट्रोपोनिन नॉर्मल आलं म्हणजे स्नायूला इजा झाली नाही एवढंच. रक्त कमी पडत नाही असं त्यातून कळत नाही. पुन्हा झालं तर जिना संपवायचा नाही. बसायचं, डॉक्टरांनी दिली असेल तर जिभेखालची गोळी, पाच मिनिटांत उतार नाही तर १०८.

दुसऱ्या मतासाठी शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयविभाग आहे. कुठेही जा, पण अँजिओग्राफीची सीडी न्या. नुसत्या कागदावर कोणी नीट मत देत नाही.

सिडकोची_लेक
सिस्टर, मनापासून आभार. ऑपरेशन नोट लोखंडी कपाटात लग्नाच्या फोटोंखाली सापडली: 'लिमा टू एलएडी, एसव्हीजी टू ओएम, एसव्हीजी टू पीडीए'. आणि रिपोर्टमध्ये: 'लिमा पेटंट. एसव्हीजी टू ओएम ८० टक्के स्टेनोसिस'.

कोडिंग_करते
ताई, हेच शोधत होते! लिमा म्हणजे छातीतली डावी धमनी, ती चालू आहे. ती फार टिकाऊ, दहा वर्षांनीही दहापैकी साधारण नऊ जणांत चालू राहते. एसव्हीजी म्हणजे पायातली शीर. एलएडी, ओएम, पीडीए ही हृदयाच्या ज्या धमन्यांना ग्राफ्ट जोडले त्यांची नावं. शिरांचे ग्राफ्ट दहा वर्षांत जवळपास निम्मे बंद पडतात. आप्पांचा एक ग्राफ्ट नऊ वर्षांनी त्याच वाटेवर आहे, ८० टक्के अरुंद झालाय (स्टेनोसिस). म्हणजे कारण सापडलं होतं, फक्त डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचलं नाही.

डॉक्टरांना भेटा आणि विचारा: हा अँजायनाच (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं) होता का, आणि अस्थिर (नव्याने सुरू झालेला किंवा वाढत जाणारा) होता का? ते हो म्हणाले तर सुधारित डिस्चार्ज समरी मागा. मग कोड बदलतो: अस्थिर अँजायनाचा आय २०.०, सोबत धमनीकाठिण्याचा आय २५.१ आणि झेड ९५.१. अमेरिकेत आम्ही हे एकाच कोडमध्ये बसवतो. शिरेचा ग्राफ्ट आणि अस्थिर अँजायना, आय २५.७१०. धमनीचा ग्राफ्ट असता तर आय २५.७२०. तिकडे कुठला ग्राफ्ट हे लिहिलं नाही तर आम्ही फाईल डॉक्टरांकडे परत पाठवतो. भारतात डब्ल्यूएचओची यादी वापरतात, तिच्यात इतकी फोड नाही. म्हणून इथे तर डॉक्टरांचे शब्दच जास्त महत्त्वाचे.

एकच विनंती, कळकळीने. डॉक्टर 'नाही' म्हणाले तर आग्रह धरू नका. क्लेमसाठी लिहून घेतलेलं खोटं निदान आप्पांच्या कागदावर कायमचं राहतं, आणि पुढचा डॉक्टर त्यावरच औषध ठरवतो.

देवळाली_कॅम्प
मध्येच विचारतो. माझ्या मेव्हण्यांचं हृदय प्रत्यारोपण झालंय. त्यांनाही असंच दुखेल का?

निवृत्त_सिस्टर
दादा, बहुतेकदा दुखत नाही, आणि तोच धोका. हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातात, म्हणून रक्त कमी पडलं तरी कळ येत नाही. धाप, थकवा, पायावर सूज, यावर लक्ष ठेवा. ठरलेली अँजिओग्राफी "काही त्रास नाही" म्हणून टाळू देऊ नका.

कोडिंग_करते
त्यांच्या कागदावर झेड ९४.१ हवा. अमेरिकन यादीत प्रत्यारोपित हृदयाच्या धमनीकाठिण्याला वेगळे कोड आहेत: अँजायना नसेल तर आय २५.८११, असेल तर आय २५.७५ चा गट.

सिडकोची_लेक
काल डॉक्टरांना भेटले. रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी सीडी पुन्हा लावून पाहिली, आप्पांना जिन्याबद्दल परत विचारलं आणि म्हणाले, "हा अस्थिर अँजायनाच होता, लिहायला हवं होतं." सही-शिक्क्याची सुधारित समरी मिळाली. दाखल का केलं याचंही स्वतंत्र पत्र दिलं. शिरेच्या ग्राफ्टमध्ये स्टेंट टाकायचा का, ते पुढच्या आठवड्यात ठरेल. त्याआधी शालिमारला सीडी दाखवतोय.

कोडिंग_करते
छान झालं. आता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा पुन्हा नकार आला तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी). नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही.

निवृत्त_सिस्टर
आणि ऑपरेशन नोटची ती ओळ एका कार्डावर लिहून आप्पांच्या पाकिटात ठेव गं. रात्री दोन वाजता कपाट उघडायला वेळ नसतो.

सिडकोची_लेक
लिहिली, सिस्टर. आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली माझा नंबर.