सरपणाच्या आधुनिक चुली : काही पावसाळे वापरलेल्यांचे अनुभव हवे आहेत

माडाची वाडी (दापोली तालुका)

आमच्या घरी गॅस आहे, तरीही आंघोळीचे पाणी, भात आणि सणावाराची मोठी भांडी सरपणावरच चढतात, कारण वाडीतल्या झावळ्या, नारळाची सोडणे (वरची साले), करवंट्या, आंबा-काजूच्या छाटणीची लाकडे आणि अकेशियाचे ओंडके कुठेतरी कामी लावावेच लागतात. सध्याची मातीची चूल आईच्या हाताखालची आहे, पण धूर पडवीपर्यंत येतो आणि पावसाळ्यात दारे-खिडक्या लावल्या की स्वयंपाकघरात उभे राहवत नाही. म्हणून चूल बदलण्याचा विचार चालू आहे.

पाहणीत तीन प्रकार समोर आले. पहिली पंख्याची धातूची चूल, दुसरी विनापंख्याची, समोरून लाकूड सारायची रॉकेट पद्धतीची चूल आणि तिसरी धुराड्याची, दोन भांड्यांची, जागेवर बांधलेली चूल. भारतीय मानक १३१५२ (२०१३) नुसार विनापंख्याच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता (लाकडातल्या उष्णतेचा भांड्यापर्यंत पोचणारा वाटा) किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते, आणि साध्या मातीच्या चुलीची ती १० ते १५ टक्क्यांच्या आसपास धरली जाते, एवढे मी वाचले आहे. परंतु हे आकडे प्रयोगशाळेतल्या कोरड्या, एकसारख्या कापलेल्या लाकडाचे आहेत, आणि आमच्याकडे जुलैत हाताला लागणारे लाकूड तसे नसते.

ज्यांनी यांपैकी एखादी चूल निदान दोन-तीन पावसाळे रोज वापरली आहे, त्यांनी कृपया सांगावे की कोणता भाग आधी निकामी होतो, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत धातू कितपत टिकतो, आणि ती चूल आजही रोजच्या वापरात आहे की माळ्यावर गेली आहे.

पऱ्हाटी (यवतमाळ)

आमच्याकडे पंख्याची चूल आहे आणि ती माळ्यावर गेलेली नाही, म्हणून तिची बाजू आधी मांडतो.

लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायूरूपाने बाहेर पडतो. साध्या चुलीत हा वायू पुरेशी हवा न मिळताच थंड होतो आणि त्याचाच धूर बनतो. पंख्याच्या चुलीत खालून थोडी हवा लाकडाला मिळते आणि बाकीची हवा दुहेरी भिंतीमधून तापत वर जाऊन नळकांड्याच्या काठाजवळच्या छिद्रांतून आत शिरते. तिथे हा वायू पुन्हा पेटतो आणि भांड्याखाली ज्योतींचे कडे तयार होते. लाकूड कोरडे असेल आणि पंख्याचा वेग बरोबर असेल, तर पेटल्यानंतरची पहिली काही मिनिटे सोडता धूर जवळजवळ दिसत नाही. दूध, चहा, डाळ या कामांत ती गॅसच्या बरोबरीने चालते.

आता दुखणी सांगतो. सर्वांत आधी बॅटरी जाते. बंदिस्त शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की पुन्हा पूर्ण भरत नाही, आणि आमच्याकडे ज्या दिवसांत शेतीची घाई असते त्याच दिवसांत चूल पडून राहते. पंख्यावर किती व्होल्ट ते छापलेले असते. तेवढ्याच व्होल्टची लिथियम बॅटरी गावच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने बसवून दिली आणि तेव्हापासून तो प्रश्न मिटला. उष्णतेपासून स्वतःची वीज तयार करणाऱ्या चुलीही मिळतात, पण त्यातली वीज देणारी चकती पंख्याच्या हवेनेच थंड राहते. म्हणजे पंखा अडकला की चकती तापून जाते आणि ती गेली की पंखा चालत नाही. असे दुहेरी नुकसान मला परवडणारे वाटले नाही.

दुसरे दुखणे लाकूड कापण्याचे आहे. बोटभर लांबीच्या ढलप्या असतील तरच ती नीट चालते, त्यामुळे कोणीतरी रोज कोयता घेऊन बसावे लागते. पऱ्हाटी आणि तुराटी (कपाशीच्या व तुरीच्या वाळलेल्या काड्या) हाताने मोडतात, म्हणून आमचे भागते, मात्र त्या इतक्या लवकर जळतात की वरून सारखी भर घालावी लागते, आणि प्रत्येक भरीला भांडे उचलावे लागते. आपल्याकडे अकेशियाचे ओंडके असतील, तर ही चूल घेण्याआधी ते कोण फोडणार याचा निर्णय घरात करून घ्यावा.

भट्टीवाला (इचलकरंजी)

माझा फॅब्रिकेशनचा छोटा व्यवसाय आहे आणि दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच चुली मी आतून पाहिल्या आहेत. रॉकेट पद्धतीच्या चुलीत बिघडण्यासारखे भाग फार थोडे असतात, त्यामुळे टिकाऊपणाचा सगळा प्रश्न आतल्या जळणकक्षाच्या धातूवर येऊन थांबतो.

ज्योतीजवळचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. साधे पोलाद त्या तापमानाला पापुद्रे सोडू लागते. प्रत्येक पेटवणीत एक थर सुटतो आणि रोजच्या वापरात पत्रा वर्ष-दीड वर्षात चाळणी होतो. स्टेनलेस ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असते, तर ३१० मध्ये सुमारे २५ टक्के असते, आणि हा फरक आयुष्यात स्पष्ट दिसतो. दुकानात चुंबक लावून पाहणारे ग्राहक भेटतात. चुंबक चिकटला नाही तर ३०४ सारखे पोलाद असण्याची शक्यता वाढते, पण चिकटला म्हणजे माल हलकाच असे मात्र नाही, कारण लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमचा जो मिश्रधातू अशा तापमानासाठी खास वापरतात, त्यालाही चुंबक चिकटतो. त्यामुळे चुंबकावर भरवसा न ठेवता जळणकक्ष कशाचा आहे ते पावतीवर लिहून घ्यावे आणि तो सुटा मिळतो का हे विचारावे. कक्ष चुलीला वेल्ड केलेला असेल, तर तो गेला की चूल गेली. लोखंडी जाळी तर सर्वांतच आधी वाकते, पण ती कुठलाही वेल्डर करून देतो.

कोकणाच्या बाबतीत खारी हवा हे बाहेरच्या पत्र्याचे संकट आहे, आणि त्यावर उष्णता सोसणारा रंग वर्षातून एकदा मारला की भागते. आतल्या धातूला त्याहून मोठा धोका आपल्याच जळणाचा आहे. नारळाच्या सोडणांत पोटॅशियम आणि क्लोरीन भरपूर असते, आणि त्यांची राख तापलेल्या पोलादावर बसून राहिली की स्टेनलेससुद्धा खाऊन टाकते. सोडणे धातूच्या चुलीत जाळायचीच असतील, तर राख रोज काढावी. करवंटी हे त्या मानाने उत्तम जळण आहे. काजूबियांची टरफले मात्र कोणत्याच चुलीत घालू नयेत. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो.

चिनी मातीसारख्या भाजलेल्या अस्तराच्या चुलीही येतात. अस्तर गंजत नाही, पण गरम असताना त्यावर पाणी पडले की तडकते, आणि आपल्याकडे चूल विझवताना पाण्याचा हात मारण्याची सवय सर्वांना असते.

कार्यक्षमतेचा फरक प्रत्यक्षात किती, याचा हिशेब आंघोळीच्या पाण्यावरून सहज करता येतो. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे २.९ मेगाज्यूल उष्णता लागते. हवेवर वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे १५ मेगाज्यूल मिळतात असे धरले, तर १२ टक्क्यांच्या चुलीला दीड किलोहून थोडे अधिक लाकूड लागेल आणि २५ टक्क्यांच्या चुलीला पाऊण किलोहून थोडे अधिक. सरपण निम्मे होते ही जाहिरात त्यामुळे अगदीच खोटी नाही. अट एवढीच की चुलीचे तोंड लाकडांनी कोंबलेले नसावे, लाकूड फळीवर ठेवून त्याच्या खालून हवेला वाट असावी आणि भांड्याचा बूड ज्योतीपासून फार उंच नसावा.

मेपलचे सरपण (न्यू हॅम्पशायर, अमेरिका)

आमची चूल स्वयंपाकाची नाही, घर तापवण्याची आहे, तरी एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. इथे २०२० पासून नव्या लाकडी स्टोव्हला तासाला २ ग्रॅमहून अधिक धूलिकण सोडण्याची परवानगी नाही (ओंडक्यांवर चाचणी घेतल्यास ही मर्यादा २.५ ग्रॅम आहे), आणि ती पाळण्यासाठी आमच्या स्टोव्हमध्येही वरच्या नळ्यांतून तापलेली हवा सोडून धूर पुन्हा जाळतात. ओले लाकूड घातले की हे दुसरे ज्वलन होतच नाही, काच काळी पडते आणि धुराड्यात डांबरासारखा थर जमतो. म्हणून लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा असे इथे सांगतात, आणि दोन सुयांचे ओलावामापक यंत्र बहुतेकांकडे असते. ओंडका फोडून त्याच्या आतल्या, नुकत्या उघड्या पडलेल्या बाजूवर ते टोचायचे, कारण बाहेरची साल नेहमीच कोरडी दिसते. ओक फोडून रचल्यावरही दोन वर्षे वाळवावा लागतो.

माडाची वाडी

सर्वांचे आभार. ओलाव्याचा मुद्दा आमच्याकडे कळीचा आहे. आम्ही आगोटीआधी (पाऊस लागण्याआधी) सरपण भरतो, पण मांगरातल्या (वाडीतल्या खोपीतल्या) लाकडालाही जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा धरतोच. लाकडातले पाणी उकळण्यात इतकी उष्णता जाते का, की चूलच चालू नये?

भट्टीवाला

नुसत्या उष्णतेचा हिशेब केला तर तोटा वाटतो त्याहून कमी आहे. ४० टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडात ६०० ग्रॅम कोरडे लाकूड असते, त्यातून ११ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते आणि ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यात सुमारे एक मेगाज्यूल खर्च होतो. अडचण अशी की ही वाफ नेमकी ज्वलनाच्या जागी तयार होते, तिथले तापमान उतरते आणि वायू न पेटता धूर होऊन निघून जातो. मातीची चूल ओल्या लाकडावर धुमसत का होईना चालते, पण पंख्याची चूल त्यावर हटकून विझते. मांगरातले लाकूड दमट हवेतही साधारण २० टक्क्यांच्या आसपास राहते आणि तेवढे चालते. बाहेर भिजलेले चालत नाही. दुसऱ्या दिवशीचे लाकूड आदल्या रात्री चुलीच्या भानोशीवर (चुलीमागच्या उबदार ओट्यावर) रचण्याची जुनी रीत याच कामाची आहे.

तव्याखालचा आर (कागल)

इतका वेळ चर्चा वाचते आहे आणि भाकरीचे नाव कोणी काढले नाही, याचे नवल वाटते. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की आम्ही ती चुलीच्या तोंडाशी आरावर (निखाऱ्यांवर) उभी करून फुगवतो. पंख्याच्या नळकांड्याला तोंडच नाही, आणि रॉकेट चुलीचे तोंड एवढे अरुंद की त्यात भाकरी उभी राहत नाही. शिवाय एका भांड्याच्या चुलीवर भाकरी चालू असताना आमटी कुठे ठेवायची? मातीच्या चुलीला वैल (त्याच आचेवर चालणारी दुसऱ्या भांड्याची जागा) असतो तो याचसाठी. आमच्या घरी आणलेली विनापंख्याची धातूची चूल उत्तम आहे, पण ती पाणी तापवण्याचे काम करते आणि स्वयंपाक बांधलेल्या चुलीवर होतो.

या बांधलेल्या चुलीबद्दल कोणी फारसे लिहिले नाही म्हणून सांगते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम बंद केला. महाराष्ट्रात त्या काळी साच्यातून घडवलेली, दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल पुष्कळ घरांत आली. त्यातल्या बहुतेक मोडल्या, असे आपण ऐकतो, आणि आमच्या गावातही तेच झाले. मात्र मातीचा भाग मोडल्यामुळे नव्हे, धुराडे कोणी साफ न केल्यामुळे. काजळीने नळी भरली की धूर उलटा घरात येतो आणि मग घरधनीण चुलीचे तोंड फोडून मोठे करते. धुराडे साफ ठेवणाऱ्या घरांतल्या चुली त्यानंतर कितीतरी वर्षे चालल्या.

वापरताना एक पथ्य काटेकोर पाळावे लागते. वैलावर भांडे नसेल तर तो झाकलाच पाहिजे, नाहीतर धुराड्याची ओढ मोडते. आणि वैलावर उरलेली आच येते, तिथे डाळ शिजत नाही, शिजलेली डाळ गरम राहते किंवा भाकरीपुरते पाणी तापते. एवढे समजून घेतले तर आपल्या आईंना हीच चूल मानवेल, कारण हात तोच राहतो आणि धूर तेवढा बाहेर जातो.

धूर बाहेर जातो म्हणजे तो नाहीसा होत नाही, हे पऱ्हाटी यांचे म्हणणे असेल, तर ते मान्य आहे. शेजारच्या खिडकीसमोर धुराड्याचे तोंड काढू नये.

पऱ्हाटी

माझे म्हणणे नेमके तेच होते, पण भाकरीपुढे मी माघार घेतो. आमच्याकडेही भाकरी अंगणातल्या चुलीवरच होते.

माडाची वाडी

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. स्वयंपाकासाठी बांधलेली चूल आणि पाण्यासाठी परसात विनापंख्याची धातूची चूल, असे आम्ही ठरवत आहोत. शेवटची शंका धुराड्याची आहे. घर कौलारू आहे, वासे आणि रिपा जुन्या सागाच्या आहेत. नळी कशाची घ्यावी आणि कौलांतून कशी काढावी?

भट्टीवाला

आतला व्यास १० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. जुन्या सिमेंटच्या नळ्या कुठे पडलेल्या मिळतील, पण त्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि त्या करवतीने कापल्या की त्याचे तंतू हवेत उडतात, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये. चुलीलगतचा पहिला मीटरभर भाग स्टेनलेसचा घ्यावा आणि वरचा जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याचा चालेल. तो काही वर्षांनी बदलावा लागेल हे गृहीत धरावे. नळी सरळ उभी न्यावी, आडवा तुकडा शक्यतो घालू नये आणि तोंड आढ्याच्या वर निदान ६० सेंटिमीटर काढावे, म्हणजे वाऱ्याने धूर परत दाबला जात नाही.

रिपांतून नळी नेताना तिथल्या रिपा कापून चौकट करून घ्यावी आणि लाकूड व नळी यांमध्ये सर्व बाजूंनी हातभर मोकळी जागा सोडावी, कारण काजळी पेटली तर एकपदरी नळी लाल होऊ शकते. त्या जागेची कौले काढून गळपट्टी असलेला पत्रा बसवावा, त्याची वरची कड वरच्या कौलांखाली आणि खालची कड खालच्या कौलांवर येईल अशी. नळीच्या माथ्यावर टोपी हवी, पण ती तोंडाला टेकलेली नको. मध्ये नळीच्या व्यासाएवढे अंतर ठेवावे.

साफसफाईसाठी नळीच्या बुडाशी, चुलीच्या पातळीवर, काढता येणारे झाकण करून घ्यावे. काथ्याचा ब्रश लवचीक काठीला बांधून तिथूनच वर सारता येतो आणि काजळी खाली बादलीत पडते, त्यामुळे भर पावसात शेवाळलेल्या कौलांवर कोणाला चढावे लागत नाही.