पोलरायझेशन कॅमेऱ्यात अक्षरांच्या कडा उगाच चमकतायत, सेन्सर खराब असेल का?

प्रश्न:
प्रकाश कुठल्या दिशेने कंप पावतो (पोलरायझेशन) ते मोजायला आधी साध्या कॅमेऱ्यापुढे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश सोडणारा फिल्टर, फिरवून ०, ४५, ९०, १३५ अंशांवर चार फोटो काढायचो, पण वस्तू जरा हलली की सगळं मुसळ केरात, म्हणून सोनीच्या आयएमएक्स२५०एमझेडआर सेन्सरचा कॅमेरा घेतला. काळ्या प्लास्टिकवर झकास दिसतं. पण छापील कागद ठेवला की अक्षरांच्या कडेने जबरदस्त पोलरायझेशन दाखवतो आणि पांढऱ्या भागात कोनाच्या (पोलरायझेशनच्या दिशेच्या) चित्रात नुसता रंगांचा सडा. परत पाठवू का?

उत्तर १:
अजिबात पाठवू नका, सेन्सर ठीक आहे. त्यात ३.४५ मायक्रॉनच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच दिशेचा प्रकाश सोडणारी बारीक तारांची जाळी असते आणि शेजारच्या चार पिक्सेलांवर तिची दिशा वेगवेगळी, म्हणजे चार रीडिंग एकाच वेळेची खरी पण एकाच जागेची नाहीत! एक पिक्सेल शाईवर पडला नि शेजारचा कागदावर, की तो फरक गणितात पोलरायझेशन म्हणून घुसतो. ० आणि ९० ची बेरीज ४५ आणि १३५ च्या बेरजेइतकी यायला हवी, जिथे येत नाही तिथल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि लेन्स किंचित आउट ऑफ फोकस करून बघा, कडा विझल्या तर त्या खोट्याच होत्या.

उत्तर २:
पांढऱ्याबद्दल सांगतो. कागदात शिरलेला प्रकाश आत इतक्यांदा विखुरतो की बाहेर येईपर्यंत पोलरायझेशन जवळपास संपलेलं असतं, काळं प्लास्टिक तो आतला प्रकाश गिळतं आणि पृष्ठभागावरचं परावर्तन तेवढं उरतं म्हणून तिथे झकास दिसतं. पोलरायझेशनच नसेल तर कोन कशाचा काढणार, नॉइजचाच (सेन्सरच्या आकड्यांतल्या खरखरीचाच) निघतो. पोलरायझेशनचं प्रमाण कमी असेल ते पिक्सेल झाकून टाका. कोनांची थेट सरासरी पण नको, ० आणि १८० एकच दिशा आहे, आधी ० वजा ९० आणि ४५ वजा १३५ या दोन वजाबाक्यांची सरासरी घ्या, मग कोन काढा.

प्रश्नकर्ता:
फोकस हलवला, कडा गेल्या!! पण बेरजा सपाट भागातही जुळत नव्हत्या, शोधलं तर गॅमा (उजेडाचे आकडे सरळ प्रमाणात न देता वाकवून देणारी सेटिंग) चालू होता, बंद केल्यावर जुळल्या. आता यातून वर्तुळाकार पोलरायझेशन (कंपनाची दिशा गोल फिरत राहते ते) पण मिळेल का?

उत्तर १:
नाही, चारही जाळ्या रेषीयच आहेत, म्हणजे सरळ रेषेतलं पोलरायझेशनच ओळखतात. पुढे क्वार्टर वेव्ह प्लेट (वर्तुळाकार पोलरायझेशनचं रेषीय करणारी चकती) लावून अजून एक फोटो घ्यावा लागेल, म्हणजे वस्तू परत स्थिर हवी.