बक्षिसं मिळाली, सत्कार झाला. आता त्या नाटकाचे प्रयोग करणार की नाही?

नौपाड्याची नाटकवाली:

ठाण्यातल्या ज्या हौशी संस्थेत मी काम करते, तिच्या दोन अंकी नाटकाला यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत पहिलं बक्षीस मिळालं. शिवाय दिग्दर्शन पहिलं, प्रकाशयोजना पहिली, नेपथ्य दुसरं आणि आईची भूमिका करणाऱ्या आमच्या मैत्रिणीला अभिनयाचं रौप्यपदक. अंतिम फेरीत नाटकाला क्रमांक मिळाला नाही, पण प्रकाशयोजनेने तिथेही बक्षीस घेतलं. परवा सगळ्यांचा सत्कार झाला आणि त्याच मंचावरून पुढच्या हंगामाची घोषणा झाली. राज्य नाट्यसाठी नवं नाटक, पावसाळ्यात दोन एकांकिका, दिवाळीनंतर बालनाट्य. ज्या नाटकासाठी हारतुरे चालले होते, त्याच्या पुढच्या प्रयोगाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. चार महिने तालमी केल्या, दोन प्रयोग झाले, नाटक संपलं.

माझं मत स्पष्ट आहे. यंदा नवं दोन अंकी नाटक बसवू नये. हेच नाटक ठाण्यात आणि नवी मुंबईत तिकीट लावून निदान दहा वेळा करावं. एकांकिका करा, बालनाट्य करा, त्याला माझी ना नाही.

असं का म्हणते तेही सांगते. दुसऱ्या अंकात आई वारलेल्या नवऱ्याचे शर्ट बोहारणीला द्यायला काढते आणि देण्याआधी एकेका शर्टाची बटणं कातरून बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकते. संवाद एकही नाही. प्राथमिक फेरीत हा प्रसंग घाईत उरकला, कारण वेळ संपेल ही धास्ती सगळ्यांच्याच मनात होती. अंतिम फेरीत तिने पहिल्या शर्टाची बटणं भराभर काढली, दुसऱ्या शर्टाच्या कॉलरपाशी हात थांबला, आणि ते बटण तिने तसंच राहू दिलं. हे तालमीत ठरलेलं नव्हतं. दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं. ते तिला त्या प्रयोगात, त्या प्रेक्षकांसमोर सापडलं. मग सहाव्या प्रयोगात काय सापडलं असतं? मुलाची भूमिका करणारा तर अजून पहिल्या अंकात चाचपडतोच आहे. नाटक आत्ता कुठे उभं राहायला लागलं होतं.

तुमच्या संस्थांमध्ये काय करता? मोकळेपणाने लिहा, विरोधात असाल तरी.

तिसरी घंटा:

ताई, आधी तुमच्या अख्ख्या संघाचं मनापासून अभिनंदन. पण मी तुमच्या मताच्या पूर्ण विरोधात आहे. मी एका संस्थेचा हिशोब सांभाळतो, म्हणून पैशापासूनच सुरू करतो.

स्पर्धेत नाट्यगृह मिळतं, तारीख मिळते, वेळ मिळते. स्वतःचा प्रयोग लावला की भाडं तुमचं, अनामत तुमची. नेपथ्याचा टेम्पो, लाइट, साउंड, रंगभूषाकार, बॅकस्टेजची माणसं, जाहिरात, लेखकाचं मानधन आणि तीस माणसांचा चहा-नाश्ता हे सगळं त्यावर. समजा तिकीट २०० रुपये ठेवलंत आणि दीडशे माणसं आली, तर हातात ३० हजार. आणि दीडशे माणसं म्हणजे कोण? कलाकारांचे नातेवाईक. ते पहिल्या प्रयोगाला येतात, दुसऱ्याला येत नाहीत. तिसऱ्या प्रयोगाला रिकाम्या खुर्च्यांसमोर काम करून तुमच्या रौप्यपदकवाल्या अभिनेत्रीचं मन किती खचेल, याचाही विचार करा.

तारखांचं वेगळंच. शनिवार-रविवारची सत्रं व्यावसायिक नाटकांना लागतात, आणि ते चूकही नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. हौशी संस्थेच्या वाट्याला मधला वार येतो. मंगळवारी रात्री साडेआठला घोडबंदर रोडवरचा माणूस नोकरीवरून घरी तरी पोचलेला असतो का?

आणि तालमीची शिस्त. स्पर्धेची तारीख ठरलेली असते म्हणून लोक दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येतात. ती तारीख काढून घ्या, मग बघा किती जण येतात. स्पर्धा हा हौशी रंगभूमीचा कणा आहे. तो मोडून प्रयोगांच्या मागे लागणाऱ्या दोन संस्था बंद पडलेल्या मी जवळून पाहिल्या आहेत.

खारघरचा प्रेक्षक:

मी नाटकवाला नाही, निव्वळ प्रेक्षक. माझी तक्रार सरळ आहे. अशा नाटकांचे निकाल मला पेपरात कळतात, म्हणजे प्रयोग होऊन गेल्यावर. नाममात्र तिकिटात इतकं चांगलं नाटक आपल्या जवळ होत होतं हे कळेपर्यंत संच विसर्जित झालेला असतो. नंतर ते कुठेच लागत नाही.

तिसरी घंटा म्हणतात, प्रेक्षक येणार नाही. अहो, आम्हाला बोलावलंय कोणी? वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात व्यावसायिक नाटकाला नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेलहून माणसं येतात. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल थेट वाशीला येते, कलाकारांनाही अवघड नाही. मीसुद्धा चांगलं नाटक असेल तर तेवढ्यासाठी ठाण्याला जातो. स्पर्धेला गेलोय एकदोनदा. प्रेक्षकांत निम्मे दुसऱ्या संघांचे लोक होते. मला घरच्यांना घेऊन, आठवडाभर आधी तिकीट काढून जायचंय. तेवढी सोय करा.

बटणांचा प्रसंग वाचून नाटक बघायची इच्छा झाली आहे. आता सांगा, कुठे बघू?

कॉलेजकट्टा:

मी एकांकिका करतो, त्यामुळे स्पर्धेच्या बाजूने बोलणार. स्पर्धा नसत्या तर आमच्या वयाच्या मुलांना रंगमंच मिळालाच नसता. आज व्यावसायिक रंगभूमीवर, मालिकांत लिहिणारी-दिग्दर्शन करणारी कितीतरी माणसं एकांकिकांतूनच आली. सवाई एकांकिका स्पर्धा घ्या. वर्षभरात कुठे ना कुठे पहिली आलेली एकांकिकाच तिथे पोचते, आणि २५ जानेवारीची रात्र जागून प्रेक्षक त्या बघतात. म्हणजे स्पर्धेला प्रेक्षक नसतो, असं सरसकट म्हणता येत नाही.

दर्जाचा मुद्दाही आहे. २०२२ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत एकही एकांकिका पात्रतेची वाटली नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. मुलं रडली, खूप आरडाओरडा झाला. पण मला तो निर्णय आवडला होता. कोणीतरी तोंडावर सांगितलं की अजून कच्चं आहे. तिकीट काढून आलेला माणूस असं सांगत नाही, तो फक्त पुन्हा येत नाही. नवं नाटक थांबवलं तर संस्थेतल्या नव्या लेखकाने काय करायचं? वर्षभर वाट बघायची?

कोपरीची मीनाक्षी:

कॉलेजकट्टा, करंडकाचं उदाहरण मला उलट वाटतं. कच्चं आहे हे सांगितलंत, मान्य. पण ते पिकवायला मुलांना दुसरी संधी कुठे होती? तीच एकांकिका घेऊन आणखी दहा ठिकाणी प्रेक्षकांसमोर उभं राहता आलं असतं तर सुधारली असती. आपल्याकडे निकाल लागतो आणि संहिता कपाटात जाते. जिंकलं तरी जाते, हरलं तरी जाते.

आणखी एक. सतत परीक्षकांसाठी नाटक बसवलं की त्याचा घाटच बदलतो. दर पाच मिनिटांनी अंधार, शेवटी किंकाळी, मध्ये एक स्वगत, कारण स्वगताला अभिनयाचं बक्षीस लागतं. ठाण्यातल्याच स्पर्धांमध्ये बसून हे बघत आले आहे मी, आणि फार वाईट वाटतं. कारण ती पोरं हुशार आहेत.

विंगेतला:

मी बॅकस्टेज करतो. धागा काढणाऱ्या ताईंच्याच संस्थेत, हे आधीच सांगून ठेवतो.

सत्कारात नेपथ्यकाराला शाल मिळाली, प्रकाशयोजनाकाराला मिळाली. दोघेही लायक आहेत. विंगेत उभं राहून अर्ध्या मिनिटाच्या अंधारात पलंग फिरवणाऱ्या चौघांचं नाव मंचावरून घेतलं गेलं नाही. स्पर्धेत त्यासाठी बक्षीस नसतं, म्हणून संस्थेलाही ते आठवत नाही. पुरस्कारांची यादी हेच संस्थेचं काम मानायला लागलो की असं होतं.

आता कामाचं बोलतो. आपले फ्लॅट्स (नेपथ्यातल्या भिंतींच्या चौकटी) आणि लेव्हल्स (उंचवटे) कळव्याच्या गाळ्यात आहेत. गाळा छोटा. नव्या नाटकाचं नेपथ्य ठरलं की हेच फ्लॅट्स खरवडून त्यांच्यावर नवा रंग चढणार, खिडकीची चौकट कापून दार होणार. एकदा ते झालं की कोणी कितीही म्हटलं तरी हे नाटक परत उभं राहणार नाही, कारण नव्याने सगळं बांधायला पैसे नाहीत. तेव्हा ही चर्चा करायची तर आत्ताच करा.

जुना ठाणेकर:

गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं तेव्हापासूनचा मी प्रेक्षक. मित्रसहयोग, कलासरगम या संस्थांनी ठाण्याला हौशी नाटकाची गोडी लावली. दुरुस्तीसाठी रंगायतन बंद होतं तेव्हा मासुंदा तलावाकडची संध्याकाळ मला ओकीबोकी वाटायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं, आता तरी आपल्या गावातल्या संस्थांची नाटकं तिथे लागावीत.

स्पर्धेनंतर नाटक चालू ठेवायचं म्हणजे काय, याचं मोठं उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’. पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेने १९७२ मध्ये राज्य नाट्य स्पर्धेसाठी ते उभं केलं. वाद झाला, संस्थेने प्रयोग थांबवले. ज्यांना ते थांबू द्यायचं नव्हतं त्यांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा सुरू केले. पुढे १९८० मध्ये नाटक युरोपात गेलं. त्या मुलांनी तेव्हा ‘चला, पुढच्या वर्षीचं नवं बसवू’ म्हटलं असतं, तर आपल्यापैकी किती जणांना ते बघायला मिळालं असतं?

तिसरी घंटा:

काका, तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून सांगतो, ‘घाशीराम’चं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे तेंडुलकरांची संहिता होती, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन होतं, वादामुळे नाव सगळीकडे पोचलं होतं. शेकडो स्पर्धक नाटकांतलं एखादंच तसं असतं. त्याच्याकडे बघून प्रत्येक संस्थेने पदरचे पैसे घालायचे का?

मीनाक्षीताईंचं घाटाबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे. आमच्याकडेही हे होतं.

नौपाड्याची नाटकवाली:

सगळ्यांचं वाचलं. तिसरी घंटा, तुमचा हिशोब मी मनावर घेतला आहे, म्हणून उत्तर हिशोबानेच देते.

पहिलं म्हणजे, मोठंच नाट्यगृह घ्यायला हवं असं कुठे आहे? डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात छोटं सभागृहही आहे. आमचं नाटक एका खोलीत घडतं, पात्रं पाच. बटणांचा प्रसंग तर जवळूनच बघायला हवा. छोट्या जागेत दीडशे माणसं म्हणजे भरलेलं घर, तिथे कलाकार खचत नाही.

दुसरं, दहाच्या दहा प्रयोग तिकीट खिडकीवर कशाला? निम्मे कंत्राटी करू. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयं, नवी मुंबईतली सांस्कृतिक मंडळं, महिला दिनाला मोठ्या सोसायट्या. ठरलेली रक्कम घ्यायची आणि प्रयोग द्यायचा. या लोकांना कौटुंबिक नाटक हवंच असतं, आणि आम्ही कधी त्यांचं दार वाजवलेलं नाही. संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. लेखक प्रयोगामागे अगदी माफक मानधनावर तयार आहे, मी त्याच्याशी बोलले आहे.

कॉलेजकट्टा, नव्या लेखकाची काळजी मलाही आहे. म्हणूनच एकांकिका ठेवा म्हणते. पण त्याच लेखकाला विचार, दोन प्रयोगांनी संपणारं नाटक लिहायला त्याला आवडेल की पुढच्या वर्षीही कुठेतरी चालू असलेलं.

तालमीची शिस्त स्पर्धेमुळेच येते हे मात्र मला अजिबात मान्य नाही. प्रयोगाची तारीख हीसुद्धा तारीखच आहे. तिकीट काढून आलेला माणूस हा परीक्षकच आहे, आणि तो पैसे देऊन आलेला आहे. आपण आपल्या शहरातल्या लोकांना नाटक दाखवायलाच तयार नसू, तर हौस कोणाची करतोय?

तिसरी घंटा:

ताई, तुमची तळमळ पोचते आहे. तरी मी विरोधातच आहे, कारण दहा प्रयोग म्हणजे पाचही कलाकार वर्षभर हाताशी असणं. रौप्यपदक मिळाल्यावर तुमच्या अभिनेत्रीला मालिकेतून विचारणा झाली तर ती नाही म्हणेल का? म्हणूही नये. मग बदली कलाकार, पुन्हा तालमी, पुन्हा जागेचं भाडं.

मी तुमच्या जागी असतो तर दहाचा आकडा सोडून दिला असता. तीन कंत्राटी प्रयोग आधी लेखी ठरवा, अर्धी रक्कम आगाऊ घ्या, आईच्या भूमिकेला दुसरी अभिनेत्री आत्तापासून तालमीत बसवा. तिन्ही ठरले तर चौथा तिकीट लावून करा. आणि राज्य नाट्यचा अर्ज भरायचा सोडू नका. एक वर्ष गेलं की नवी पोरं दुसऱ्या संस्थेत जातात, हे मी अनुभवाने सांगतो.

खारघरचा प्रेक्षक:

आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत मी आहे. हॉल आहे, पण स्टेज लहान. निरोपातून तुमचा नंबर द्या, मोजमाप पाठवतो.

विंगेतला:

मोजमाप मलाही पाठवा. पलंग आणि खिडकीचा एक फ्लॅट बसला तरी नाटक होतं, बाकी काळ्या पडद्यावर भागवू. आणि ताई, शनिवारी गाळ्यात फ्लॅट्स खरवडायला घेणार आहेत. त्याआधी कार्यकारिणीची बैठक लावा, निदान खिडकीचा फ्लॅट तरी बाजूला ठेवायला सांगा.

नौपाड्याची नाटकवाली:

बैठक गुरुवारी रात्री लावली आहे. तिसरी घंटा, तुमची तीन प्रयोगांची आणि आगाऊ रकमेची सूचना मी तशीच मांडणार आहे. नव्या दोन अंकी नाटकाला माझा विरोध मात्र तिथेही कायम राहील.